मे महिन्यात पाहिलेलं गायरान : वृक्षलागवडीच्या एका प्रस्तावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या मधल्या अवर्षणप्रवण पट्ट्यातलं. नाव आणि तालुका मुद्दाम दिलेले नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बराचसा सप्टेंबरात परतताना पडणारा. गावाच्या एका अंगाला कालव्याचं पाणी आलंय, तिकडे ऊस. दुसऱ्या अंगाला बाजरी आणि रब्बीची ज्वारी. शेतं संपली की मुरमाड, उताराचं गायरान सुरू होतं. मधून एक ओढा जातो. त्याच्या कडेला हिवर, बाभूळ आणि बोरीची झुडपं आहेत. बाकी सगळा माळ उघडा.

सातबाऱ्यावर ही जमीन सरकारी आहे, व्यवस्था ग्रामपंचायतीकडे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 मध्ये गुरचरणासाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे, त्यातली ही. गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात 28 जानेवारी 2011 रोजी निकाल दिला आणि त्याच वर्षी 12 जुलैला महाराष्ट्र शासनाने त्यावर निर्णय काढला. त्यामुळे इथे घर बांधायचं म्हटलं तर तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे हटकतात. झाडं लावायची म्हटली तर कोणीच हटकत नाही, कारण मालकी बदलत नाही, नोंद बदलत नाही आणि कागदावर सगळं हिरवंच दिसतं. या प्रकरणाची सुरुवात या फटीतूनच झाली.

गायरान वापरणारे पूर्वीइतके राहिले नाहीत. संकरित गाई गोठ्यात बांधून असतात, त्यांना उसाचं वाढं आणि मुरघास मिळतो. उरल्या शेळ्या, थोडी गावठी गुरं, दसऱ्यानंतर गवत कापणाऱ्या बाया, आणि धनगरांचे वाडे. हे धनगर गावच्या शिवेवरच्या वस्तीतले. पावसाळा ते इथल्या कोरड्या माळावर काढतात, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात, तिथे भाताच्या खाचरांत मेंढरं बसवतात आणि मृगाच्या आधी परत येतात. पुढची गोष्ट कळण्यासाठी हा येण्याजाण्याचा क्रम लक्षात ठेवावा लागेल.

प्रश्न

एका एप्रिलमध्ये पंचायतीकडे वृक्षलागवडीचा प्रस्ताव आला. राज्यात 2016 ते 2019 या वर्षांत मोठ्या लागवडीची मोहीम झाली होती, 2019 चं लक्ष्य तर 33 कोटी रोपांचं होतं. तेव्हापासून 'मोकळी जागा दाखवा' ही मागणी गावांना नवी नाही. प्रस्ताव असा: जवळजवळ सगळ्या गायरानावर जेसीबीने सलग समतल चर, चरांच्या मधे खड्डे, त्यात गिरीपुष्प, करंज, सुबाभूळ आणि थोडा कडुनिंब. खड्डे रोजगार हमीतून. लागवडीनंतर तीन वर्षं संपूर्ण चराईबंदी.

पाहणीसाठी माणसं आली ती मेच्या पहिल्या आठवड्यात. त्या आठवड्यात या माळावर काय दिसतं? तापलेला मुरूम, करपलेल्या गवताची बुडखी आणि मधूनच तरवडाची धुळकट झुडपं. पाहणीच्या टिपणात 'वनस्पती आच्छादन नगण्य' असा शेरा पडला. त्या दिवशी तो खोटाही नव्हता. पण बारमाही गवताचा जीव उन्हाळ्यात जमिनीखाली मुळाच्या गड्ड्यात असतो, आणि हे टिपणाच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हतं.

प्रस्ताव 1 मेच्या ग्रामसभेत तत्त्वतः मंजूर झालाच होता. वर्षातून ज्या चार ठरलेल्या ग्रामसभा होतात त्यातली ही एक. हजर होते ते ऊसवाले शेतकरी, मजुरीची वाट बघणाऱ्या बाया आणि नेहमीचे पुढारी. धनगर अजून घाटाखालीच होते.

हरकत घेतली ती जैवविविधता समितीतल्या दोघांनी: एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि एक शेळ्या राखणारी बाई. जैवविविधता कायदा, 2002 नुसार अशी समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्यांसाठी जानेवारी 2020 अखेरची मुदत घातली, तेव्हा या गावाची वहीदेखील घाईत तयार झाली होती. गुरुजींनी ती कपाटातून काढली. आत ऐन, हिरडा आणि शेकरू होतं! म्हणजे दाट जंगलातल्या कुठल्यातरी गावाची यादी इथे चिकटवली होती. गायरानावरचं एकही गवत त्यात नव्हतं.

गायरानाचं वर्ष

समितीने पहिला निर्णय चांगला घेतला: वाद घालण्याआधी वही नव्याने लिहायची. सरपंचताईंनी खड्ड्यांचं काम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबवण्याचं मान्य केलं. त्याचं कारण निसर्गप्रेम नव्हतं. त्या वर्षीची रोपंच वेळेवर मिळणार नव्हती. ही सवड मिळाली नसती तर लिहिण्यासारखं प्रकरणच उरलं नसतं. मी वनस्पतींची ओळख पटवायला मदतीला होतो, बाकी नोंदी गावच्याच.

यादी न करता महिन्यावार लिहायचं ठरलं. त्यातून जे दिसलं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे वाद याच नोंदींवर झाले.

मे महिना, ज्याला टिपणाने नगण्य म्हटलं, तो जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा महिना निघाला. माळटिटवी उघड्या खड्यांमध्ये चार अंडी घालते. ती इतकी मुरमासारखी दिसतात की पाय पडेपर्यंत कळत नाहीत. धाविक पक्ष्याचंही तेच, त्याला तर आखूड, चरलेलं गवत आणि उघडी जमीनच लागते. दगडांच्या टोकांवर नर सरडे गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी पिशवी पंख्यासारखी फुलवून बसलेले दिसतात. एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत हा खेळ चालतो. खड्डे आणि चर खोदण्याचा हंगाम नेमका हाच.

मृग लागला की पहिल्या सरीनंतर लाल मखमली मृगाचे किडे. पाठोपाठ पोरं ज्याच्या कंदासाठी माळ उकरतात ती खरपुडी, म्हणजे कंदीलपुष्प. कंदिलाच्या आकाराच्या त्या फुलात बारक्या माश्या आत जातात, नळीतल्या उलट्या केसांमुळे अडकतात आणि केस कोमेजले की परागकण घेऊन सुटतात. काळी मुसळीची पिवळी फुलं जमिनीलगत उमलतात. माकडशिंगाच्या कांड्या बोरीच्या बुडाशी फुटतात, त्या गुराखी मीठ लावून खातात. शेळ्या राखणाऱ्या काकूंनी भाज्यांचा स्वतंत्र रकाना करायला लावला: कुरडू, टाकळा, केना, घोळ, पाथरी, आणि ओढ्याच्या कुंपणावर करटुली. बाजारात करटुलीला भाव आहे, हे कळल्यावर सभेतल्या काही माणसांचं लक्ष पहिल्यांदा वहीकडे गेलं.

श्रावण-भाद्रपदात डोंबारी चंडोल सरळ वर चढतो आणि अंग सोडून खाली सूर मारतो. लावे ओरडत असतात. गवत गुडघ्याला येतं आणि तेव्हा कळतं की माळ एकसारखा नाही. ओढ्याच्या अंगाला, जिथे माती जरा खोल आहे, तिथे पवन्या आणि मारवेल टिकून होतं, ही जनावरांना आवडणारी गोड गवतं. वरच्या उतारावर बहुतेक कुसळी. कुसळी कोवळी असताना मेंढरं खातात. ऑक्टोबरात तिचं कुसळ पिकलं की तेच लोकरीत, तोंडात आणि डोळ्यांत घुसतं. एकाच जागी दरवर्षी पावसाच्या तोंडाशी चराई झाली तर गोड गवतांना बी धरायला वेळ मिळत नाही आणि कुसळी पसरते. धनगरांना हे कोणी सांगावं लागत नाही.

नवरात्रात तरवड पिवळा होतो, घटाला त्याची फुलं न्यायला अख्खं गाव गायरानावर येतं. त्याच सुमारास भोवत्या हे शिकारी पक्षी उतरतात. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून आलेले हे पक्षी दिवसभर जमिनीलगत हेलकावे घेत नाकतोडे आणि चंडोल टिपतात, आणि दिवस मावळला की उंच गवतात जमिनीवरच एकत्र रात्र काढतात. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम. म्हणजे कापणी दसऱ्यानंतर सरसकट झाली तर त्यांना बसायला जागा उरत नाही.

थंडीत ओढ्याच्या काठच्या घळीत लांडग्याचं बीळ होतं. हे समजल्यावर समितीत मोठा वाद झाला. नोंदवहीत लिहिलेलं गावाबाहेरही जाऊ शकतं. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे लिहिलं तर प्रस्तावाविरुद्ध सगळ्यात जड पुरावा होतो. पण जागा लिहिली की कॅमेरे घेऊन गाड्या येणार, किंवा कोणीतरी बिळाच्या तोंडाशी धूर करणार. शेवटी लांडग्याच्या वावराची नोंद झाली. बिळाची जागा आणि महिना लिहिला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात शहाणा निर्णय.

दुसरा तसाच. गावातल्या एका म्हाताऱ्या आण्णांनी पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणाऱ्या पक्ष्याचं वर्णन केलं. ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं, हा तणमोर. समितीतल्या तरुण पोराचं म्हणणं पडलं की टाका यादीत, दुर्मिळ पक्षी आहे, उपयोग होईल. गुरुजींनी नकार दिला. 'आठवणीत आहे, आता दिसत नाही' असा वेगळा रकाना त्यांनी आखला आणि तणमोर तिथे गेला. पुढे पंचायत समितीच्या बैठकीत वहीवर शंका घेतली गेली तेव्हा याच रकान्याने तिची पत वाचवली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारण्याचा. त्याची ताकद झाडांत नव्हती, मजुरीत होती. उन्हाळ्यात हाताला काम नसतं, आणि हजेरीपटावर नाव लागणं ही बायांसाठी खरी गोष्ट. त्यांना 'धाविक पक्ष्यासाठी काम नको' असं सांगणं उद्धटपणाच झाला असता.

दुसरा, सरळ विरोध. तरुण मंडळी याच्या बाजूची होती. पण ठराव मोडून काढला असता तर पुढच्या वर्षी दुसरं काही आलं असतं. शेजारच्या गावात गायरान सौर प्रकल्पाला देण्याची बोलणी सुरू होती. 2023 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये अशा जमिनींकडे लक्ष गेलं आहेच. 'पडीक' हा शिक्का कायम ठेवून एक प्रस्ताव परतवल्याने फारसं हाती लागत नाही.

तिसरा पर्याय बाहेरच्या काही निसर्गप्रेमींनी सुचवला: संपूर्ण चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी, माळ आपोआप सुधारू द्यावा. ऐकायला उत्तम. पण मेच्या नोंदी उलटंच सांगत होत्या. धाविक आणि माळटिटवी चरलेल्या भागातच होत्या, उंच गवतात नाही. मेंढरं पूर्ण हटली असती तर शेवटी काटेरी झुडूप आणि वेडी बाभूळ वाढली असती, आणि धनगरांचा पावसाळा गेला असता तो वेगळाच.

चौथा, तुकडे पाडण्याचा. झाडं ओढ्याच्या आणि पाझर तलावाच्या कडेला, जिथे माती आहे. उरलेल्या माळाचे तीन भाग. त्यातला एक भाग दरवर्षी पावसाच्या सुरुवातीपासून पोळ्यापर्यंत बंद, म्हणजे गवताला बी धरता येईल. कापणी करताना एक पट्टा होळीपर्यंत उभा ठेवायचा, भोवत्यांसाठी. आणि मार्च ते जून यंत्र माळावर नाही.

काय केलं

चौथा पर्याय निवडला गेला, पण त्याला वजन आलं ते मजुरीच्या हिशोबामुळे. रोजगार हमीचं काम रद्द न करता बदलून मागितलं: खड्ड्यांऐवजी वेडी बाभूळ मुळासकट काढणं, ओढ्यावर दगडी बांध, पवन्या आणि मारवेलचं बी गोळा करून ओढ्याकडच्या भागात टाकणं, थंडीत जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढणं. दगडी बांध लगेच मंजूर झाले. गवताचं बी गोळा करणं कोणत्या सदरात बसवायचं, यावर कागद कित्येक महिने फिरला. शेवटी ते काम हजेरीपटाशिवाय, शाळेच्या पोरांनी आणि काकूंच्या गटाने केलं.

चर मात्र पूर्ण टळले नाहीत. वरच्या उतारावर जेसीबीने काही ओळी आधीच मारल्या गेल्या होत्या. यंत्राचं भाडं ठरलेलं होतं, कोणीतरी मधल्या काळात काम उरकून घेतलं. त्या ओळींवर गिरीपुष्प लागलं.

तीन भागांची आखणी पुढच्या 1 मेच्या सभेत मंजूर झाली. पहिल्या वर्षी बंद ठेवायचा भाग म्हणून ओढ्याकडचा निवडला, कारण तिथे गोड गवत लवकर परत येईल असं दिसत होतं. हे बरोबरच होतं. पण धनगरांचे वाडे पावसाळ्यात जिथे बसतात तो भागही हाच. मृगाच्या आधी ते परत आले तेव्हा वाटेवर काट्या पडलेल्या.

"गुरुजी, आमी घाटाखाली असताना ठरवलं व्हय हे?" त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्याने विचारलं. "आम्हाला गवत कळत न्हाई असं वाटलं का?"

त्या वर्षी बंदी रात्री मोडली जायची आणि सकाळी पुन्हा काट्या लागायच्या. ऑगस्टमध्ये वाड्यावर बसून बोलणं झालं. धनगरांनी स्वतःची आखणी मांडली: पहिले पंधरा दिवस मेंढरं वरच्या कुसळीवर, कारण ती कोवळी तेव्हाच खाल्ली जाते आणि चरली की कुसळही कमी धरते, मग हळूहळू खाली, ओढ्याकडे पोळ्यानंतरच. समितीच्या आखणीपेक्षा ही सोपी होती आणि पाळायला कोणाच्या पहाऱ्याची गरज नव्हती. ती 15 ऑगस्टच्या सभेत लिहून घेतली.

काय झालं

त्यानंतरची दोन वर्षं पाहिली तर चित्र मिश्र आहे. ओढ्याकडे मारवेल दाट झालं, पवन्याही दिसतो. गवत कापणाऱ्या बायांनी तिथले भारे आधी मागायला सुरुवात केली. वरच्या उतारावर कुसळी फारशी हटलेली नाही. ओढ्याकाठची करंज आणि कडुनिंबाची रोपं बऱ्यापैकी जगली. मुरमावरच्या चरांतलं गिरीपुष्प बहुतेक वाळलं, आणि चरांच्या उकरलेल्या मातीवर गाजरगवत आलं. त्या ओळींमध्ये माळटिटवी अंडी घालत नाही. शेजारच्या न उकरलेल्या भागात घालते.

भोवत्यांसाठी ठेवलेला पट्टा पहिल्या हिवाळ्यात उपयोगी पडला. संध्याकाळी ते एकेक करून उतरताना शाळेच्या पोरांनी पाहिले. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत वणवा लागला आणि पट्टा गेला. जाळरेषा काढायच्या ठरल्या होत्या, पण थंडीत सगळे ज्वारीच्या राखणीत आणि ऊसतोडीच्या धांदलीत होते. उभं ठेवलेलं वाळलं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण, ही तक्रार आता शेजारचे शेतकरी करतात आणि ती खोटी नाही.

लांडग्यांनी त्या काळात काही शेळ्या नेल्या. वनविभागाकडून भरपाई मिळते, पण पंचनाम्यासाठी मेलेलं जनावर दाखवावं लागतं आणि लांडगा ते उचलून घेऊन गेलेला असतो. काकूंची एक शेळी अशीच गेली. वहीतल्या लांडग्याच्या नोंदीवर त्यांची सही आहे आणि ती त्यांनी मागे घेतलेली नाही. पण पुढच्या हिवाळ्यापासून त्या ओढ्याकडे शेळ्या नेत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट सभेच्या तारखेची. गायरानाचे दोन्ही महत्त्वाचे ठराव 1 मेला झाले. तेव्हा माळावर गवत नसतं, धनगर नसतात, भोवत्येही परतलेले असतात. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी उजवी होती: गवत उभं, तरवड फुललेला, मेंढरं अजून शिवारात, हिवाळी पक्षी नुकतेच येऊ लागलेले. प्रस्तावाची पाहणीही त्याच पंधरवड्यात मागता आली असती. पावसाळ्यानंतरच्या पाहणीशिवाय गायरानावरचं कोणतंही काम मंजूर करू नये, असा ठराव ग्रामसभा करू शकते. या गावाने तो अजून केलेला नाही. मसुदा गुरुजींकडे पडून आहे.

धनगरांना समितीत घ्यायला हवं होतं, तेही वही लिहायला सुरुवात करण्याआधी. नोंदी झाल्या तेव्हा त्यांचा पावसाळा इथेच गेला होता. त्यांना नावं विचारली गेली, निर्णय विचारला गेला नाही.

जेसीबीचं काम थांबवल्याचा निरोप तोंडी होता. लेखी स्थगिती घेतली असती तर चरांच्या त्या ओळी कदाचित वाचल्या असत्या. मुरूम एकदा उलटा झाला की तो थर पुन्हा बसायला फार वर्षं लागतात, त्यामुळे बाकीच्या चुका सुधारता येतील, ही नाही.

उंच गवताच्या पट्ट्याबद्दल माझं मत अजून डळमळीत आहे. भोवत्यांसाठी तो लागतोच. पण तो ओढ्याच्या पलीकडे, शेतांपासून दूर ठेवला आणि जाळरेषा कापणीच्याच आठवड्यात, भारे बांधणाऱ्या बायांच्या मजुरीत धरून काढल्या, तर शेतकऱ्यांचा विरोध मावळेल असं वाटतं. धनगरांचं म्हणणं वेगळं आहे: कोकणात जाताना दिवाळीनंतर दोन रात्री मेंढरं पट्ट्याच्या भोवतीने बसवतो, खुरांनीच जमीन साफ होते, वेगळी रेषा काढायची गरज नाही. यंदा दोन्ही करून बघायचं ठरलं आहे, एका बाजूला विळ्याने आणि दुसऱ्या बाजूला मेंढरांनी.